हुनर आपला, मग वेष्टनावर नाव दुसऱ्याचे का?

आपल्या समाजात हुनराला तोटा नाही. मसाला कुटणारे आहेत, बेकरीचा माल करणारे आहेत, अत्तर आणि अगरबत्ती बनविणारे आहेत, चामड्याची पाकिटे आणि पिशव्या शिवणारे आहेत. धारावीच्या गल्लीत शिवलेली पर्स मोठ्या दुकानाच्या काचेआड दिसते. मालेगावच्या मागावर विणलेले कोरे कापड परगावी जाऊन रंगते, छापले जाते आणि तिथल्या शिक्क्याने बाजारात येते. माल आपला, घाम आपला. पण गिऱ्हाईक ज्या नावाला ओळखते ते नाव आपले नसते. आणि भाव नेहमी तोच ठरवतो ज्याचे नाव वेष्टनावर असते.

हे दुखणे जुने आहे. त्यावरचा इलाज मात्र आपण नेहमी भांडवलात शोधतो. कर्ज मिळाले असते तर, दुकान हमरस्त्यावर असते तर, असे आपण म्हणत राहतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. ज्याच्याकडे चांगला माल आहे त्याने कर्जाच्या आधी आपल्या मालाला नाव द्यावे, त्या नावाला एक चिन्ह द्यावे आणि दोन्ही नीट वेष्टनावर छापावे. याला चैन समजू नये. ही मालकीची पहिली पायरी आहे.

"माल चांगला असेल तर तो आपोआप खपतो" असे आपले वडीलधारे सांगत आले. ते अर्धे खरे आहे. सुटा माल तुमच्या दुकानात खपतो, कारण तिथे तुम्ही स्वतः उभे असता. गिऱ्हाईक वास घेते, चव पाहते, तुमच्या तोंडाकडे पाहून विश्वास ठेवते. तोच माल दोन गावे पलीकडच्या दुकानात गेला की तुमच्या वतीने बोलायला तिथे कोणी नसते. तिथे फक्त वेष्टन बोलते. ते मुके असेल तर दुकानदार सांगेल ते खरे, आणि दुकानदार नेहमी त्याच मालाची तारीफ करतो ज्यात त्याला जास्त सुटते.

एका शरबताची गोष्ट

रूह अफजा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रमजानच्या दस्तरखानावर असते. पण त्याच्या लेबलाची कहाणी फार थोड्यांना ठाऊक आहे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये जुन्या दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला आणि १९०७ मध्ये हे शरबत काढले. तेव्हा एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या बाटल्या सहज मिळत नव्हत्या. मिळतील त्या जुन्या बाटल्या स्वच्छ धुऊन त्यांत शरबत भरले जाई, असे सांगतात. म्हणजे बाटली आपली नव्हती, कारखाना मोठा नव्हता. तरीही हकीमसाहेबांनी एका गोष्टीत काटकसर केली नाही. १९१० मध्ये त्यांनी मिर्झा नूर अहमद या चित्रकाराकडून फुलाफळांचे रंगीत लेबल काढून घेतले. इतक्या रंगांची छपाई त्या वेळी दिल्लीत होत नव्हती. ते लेबल मुंबईच्या बोल्टन प्रेसमध्ये, पारशी मालकांच्या छापखान्यात छापून घेतले गेले.

जरा विचार करा. दवाखाना उघडून चारच वर्षे झालेली, बाटल्या जुन्या, आणि लेबल मात्र दिल्लीहून मुंबईला छपाईला जाते! हकीमसाहेब १९२२ मध्ये वारले. धंदा त्यांच्या पत्नी राबिया बेगम आणि मुलांनी सांभाळला. शंभर वर्षे उलटली, बाटली काचेची होती ती प्लास्टिकची झाली, पण त्या लेबलाची धाटणी आजही ओळखू येते. ज्याला वाचता येत नाही तो लहान मुलगासुद्धा दुकानात बोट दाखवून तीच बाटली मागतो. बोधचिन्हाचे काम यापेक्षा वेगळे नसते.

यात आणखी एक धडा आहे. "नाव मुसलमानी वाटले तर गिऱ्हाईक मागे फिरेल" अशी धास्ती आपल्या काही बांधवांच्या मनात असते. ही धास्ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण 'रूह अफजा' हे नाव तर उघड उघड फारसी वळणाचे आहे, आणि ते शरबत सर्व धर्मांच्या घरांत प्यायले जाते. शीख बांधव उन्हाळ्यात रस्त्यावर जी छबील लावतात तिच्या गोड दुधातही ते पडते. चव सच्ची असेल आणि दर वेळी तीच मिळाली तर नावाची भाषा आड येत नाही. शिवाय कायद्याने बनविणाऱ्याचे नाव आणि पत्ता वेष्टनावर छापावाच लागतो. ते लपवून चालत नाही आणि लपविण्यासारखे त्यात काही नाही.

नाव निवडताना

बोधचिन्हाच्या आधी नाव ठरते. इथेच सर्वांत मोठी चूक होते. बाजारात जे नाव चालते त्याच्या जवळचे नाव घ्यायचे, अक्षरे तशीच वळवायची, रंगही तोच ठेवायचा, म्हणजे चार गिऱ्हाईके चुकून आपल्याकडे येतील, हा हिशेब अनेकजण करतात. हा हिशेब खोटा आहे, दोन कारणांनी. पहिले म्हणजे चुकून आलेले गिऱ्हाईक फसवणूक कळताच जाते आणि शिव्या देत जाते. दुसरे म्हणजे कायदा.

याच शरबताचे उदाहरण पाहा. एका उत्पादकाने २०२० च्या सुमारास 'दिल अफजा' नावाचे शरबत बाजारात आणले. त्याच नावाचे त्यांचे औषध १९४९ पासून विकले जाते, असा त्यांचा बचाव होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एका न्यायमूर्तींनी मनाई नाकारली, पण डिसेंबर २०२२ मध्ये खंडपीठाने 'दिल अफजा' शरबताच्या विक्रीला मनाई केली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. 'रूह' आणि 'दिल' हे शब्द वेगळे आहेत हे कोणालाही कळते. तरीही शब्दाचा शेवट तोच, शरबत तसेच लाल, बाटलीची ठेवण तशीच. सामान्य गिऱ्हाईक गोंधळेल असे खंडपीठाने मानले. जुन्या उत्पादकाची ही गत, तर आपल्यासारख्या नव्याची काय होईल? छापलेली सारी वेष्टने रद्दीत जातील आणि वकिलाची फी वर.

दुसरी चूक म्हणजे मालाचे वर्णन हेच नाव म्हणून घेणे. 'उत्तम बिर्याणी मसाला', 'शुद्ध अत्तर', 'ताजी नानखटाई' ही नावे कोणा एकाची होऊ शकत नाहीत. उत्तम, शुद्ध, ताजे हे शब्द सर्वांचे आहेत. पार्ले कंपनीचे ग्लुको बिस्किट हेच सांगते. ग्लुकोज हा शब्द सर्वांना मोकळा असल्याने बाजारात ग्लुकोज बिस्किटांची गर्दी झाली आणि १९८० नंतरच्या काळात कंपनीला आपल्या बिस्किटाचे नाव 'पार्ले-जी' करावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमले नाही ते आपल्याला जमणार नाही.

गावाच्या नावाबद्दलही जपून राहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये आणि कोकणच्या हापूसला त्याआधी २०१८ मध्ये भौगोलिक चिन्हाची नोंद मिळाली आहे. जो माल त्या मुलखात, त्या पद्धतीने होत नाही त्यावर ते नाव छापणे आता गुन्हा ठरू शकते. उलट तुम्ही खरोखर त्या जिल्ह्यांतले चर्मकार किंवा बागायतदार असाल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. ही सवलत आपल्यापैकी फारच थोडे वापरतात.

नाव ठरल्यावर ते आधी कोणी घेतले आहे का हे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. या कार्यालयाचे मुख्यालय मुंबईतच, अँटॉप हिलला आहे. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाला आणि बेकरीचा माल ३० व्या वर्गात, शरबत ३२ व्या, अत्तर आणि अगरबत्ती तिसऱ्या, चामड्याच्या पिशव्या १८ व्या, कपडे आणि पादत्राणे २५ व्या वर्गात येतात. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क ठरले. मोठ्या कंपनीला ते दुप्पट आहे. नोंद दहा वर्षे टिकते आणि पुढे दर दहा वर्षांनी वाढविता येते. अर्ज केल्यावर नावाशेजारी 'टीएम' लिहायला हरकत नाही, पण वर्तुळातला 'आर' नोंद पुरी झाल्याशिवाय छापू नका. नोंद नसताना ती आहे असे भासविण्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने मनाई आहे.

पवित्र नावे वेष्टनावर नकोत

हा मुद्दा नाजूक आहे, पण बोलायला हवा. आपले अनेक बांधव बरकतीच्या भावनेने पुडीवर बिस्मिल्लाह, ७८६, काबा शरीफ किंवा मदिना शरीफचे चित्र छापतात. भावना नेक आहे, यात शंका नाही. पण वेष्टनाचे नशीब काय असते? गिऱ्हाईक पुडी फोडते, माल काढून घेते आणि कागद फेकून देते. तो गटारात जातो, पायाखाली येतो, कचऱ्याच्या ढिगात जळतो. ज्या नावाचा आदर म्हणून आपण ते छापले त्याच नावाची बेअदबी आपल्याच हातून होते. बरकत पाहिजे तर ती मापात आणि सचोटीत शोधावी. दुकानात चौकट लावावी, हिशेबाच्या वहीवर लिहावे. फेकून द्यायच्या कागदावर नको.

कायद्याची बाजूही आहे. ज्याने कोणत्याही धर्मीयांच्या भावना दुखावतील असे चिन्ह नोंदविले जात नाही. हे दुसऱ्यांच्या देवतांच्या चित्रांनाही लागू आहे.

हलालच्या शिक्क्याबाबतही गफलत नको. तो शिक्का प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा असतो. प्रमाणपत्र न घेता तो कुठून तरी उचलून छापणे म्हणजे गिऱ्हाईकाच्या ईमानाशी खेळणे. दुसरे असे की उत्तर प्रदेश शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणित मालाचे उत्पादन, साठा आणि विक्री यांवर बंदी घातली. निर्यातीचा माल तेवढा वगळला. तेव्हा परराज्यात माल पाठविणाऱ्याने तिथली स्थिती आधी विचारून घ्यावी. हळद, तिखट, साधी अगरबत्ती यांवर तर त्या शिक्क्याची गरजही नसते.

चिन्ह साधे असावे

बोधचिन्ह म्हणजे नक्षी नव्हे. डीटीपीवाल्याकडे गेलो की तो संगणकातून तयार चित्रे काढून दाखवतो. त्यात चाँदतारा, गुलाब, मुकुट, सोनेरी पट्टा सारे एकत्र येते. आपल्याला ते भरगच्च वाटते, म्हणून आवडते. पण तेच चित्र आणखी दहा जणांच्या पुडीवर असते.

मी तीन कसोट्या सांगतो. कोणीही घरी करून पाहाव्यात. पहिली : चिन्हाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. रंग गेल्यावरही ते ओळखू येते का? दुसरी : ते अंगठ्याच्या नखाएवढे लहान करा. तरी डोळ्यांत भरते का? बिलावर, रबरी शिक्क्यावर, छोट्या बाटलीच्या झाकणावर ते त्याच मापाचे असणार आहे. तिसरी : एखाद्या मुलाला ते क्षणभर दाखवा, मग कागद उलटा करून त्याला काढायला सांगा. त्याला जे आठवले तेच तुमचे खरे चिन्ह. बाकीचे खुशाल खोडून टाका.

चिन्हाचा विषय मालातून घ्यावा, शक्यतो आपल्याच कामातून. कुटण्याचा खलबत्ता, मागाचा धोटा, चर्मकाराची रापी, अत्तराची कुपी, बेकरीची भट्टी. चाँद आणि मीनार आपल्याला प्रिय आहेत, पण ते प्रत्येक दुसऱ्या दुकानावर आहेत. जे सर्वांचे असते त्याने वेगळी ओळख होत नाही.

आणि अक्षरांसाठी दूर जायला नको. उर्दू वृत्तपत्रांच्या कातिबांचे हात १९९० नंतर संगणक आल्यावर रिकामे झाले. त्यांच्यापैकी काही आणि त्यांचे शागीर्द अजून आहेत. नाव उर्दूत, मराठीत वा इंग्रजीत, कोणत्याही लिपीत असो, हाताने वळविलेले अक्षर यंत्रातल्या तयार अक्षरापेक्षा वेगळे दिसते आणि त्याची नक्कल लगेच कळते. एका हुनरमंदाचे काम दुसऱ्या हुनरमंदाला मिळाले तर त्यात दुहेरी फायदा आहे.

मात्र व्यवहार कागदावर करा. पैसे दिले म्हणजे चित्र आपले झाले असे नाही. चित्राचा हक्क मुळात काढणाऱ्याचा असतो. तो तुमच्याकडे येण्यासाठी त्याची सही असलेली लेखी चिठ्ठी लागते. त्याच वेळी संगणकातली मूळ फाइलही मागून घ्या. हे न केल्याने काय होते ते मी पाहिले आहे. माझ्या ओळखीच्या एका मसालेवाल्या भाईंनी आपले चिन्ह ज्या छापखान्यातून काढून घेतले होते त्याच्याशी पुढे दरावरून बिनसले. फाइल देण्यास त्याने साफ नकार दिला. भाईंना जुन्या पुडीवरून नवे चिन्ह काढून घ्यावे लागले. ते थोडे वेगळे निघाले आणि नेहमीची गिऱ्हाईके कित्येक महिने विचारत राहिली, "हा माल नकली तर नाही ना?"

वेष्टनाचे पहिले काम माल सांभाळणे

छापील रंगावर भाळून आपण वेष्टनाचे मूळ काम विसरतो. मसाल्याचे उदाहरण घेऊ. साध्या पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून सुगंध हळूहळू निघून जातो, कारण सुगंधी तेलाची वाफ त्या प्लास्टिकमधून आरपार जाते. शेजारी ठेवलेल्या चहापत्तीला मसाल्याचा वास लागतो तो यामुळेच. कागदी पुडीत तेल झिरपून डाग पडतात. पारदर्शक पुडीत तिखटाचा लाल रंग उजेडाने फिका होतो. म्हणून मसाल्याला आतून चंदेरी थर असलेली, अनेक पदरांची पाऊच लागते. ती उजेड, दमटपणा आणि हवा तिन्ही अडवते. बेकरीच्या मालाचा शत्रू दमटपणा आहे आणि त्यानंतर दणका. अत्तराला काचेची कुपी आणि घट्ट झाकण हवे. स्वस्त प्लास्टिक अत्तर शोषून घेते. चामड्याच्या मालाला उलट हवा खेळती हवी, बंद प्लास्टिकमध्ये पावसाळ्यात बुरशी धरते.

म्हणून छपाईच्या आधी प्रयोग करा. दहा पुड्या भरा आणि फळीवर ठेवा. पाच उन्हाच्या खिडकीत, पाच अंधारात. एक महिन्याने एक उघडा, दोन महिन्यांनी दुसरी. कमरेच्या उंचीवरून चार पुड्या जमिनीवर टाकून पाहा. एक पेटी भरून एसटीने दुसऱ्या गावच्या नातलगाकडे पाठवा आणि काय फुटले ते विचारा. यात फारसा खर्च नाही, आणि हजारो पुड्या छापल्यावर होणारा पश्चात्ताप टळतो.

छपाईचा हिशेबही समजून घ्या. मोठ्या कंपन्यांच्या पाऊच ज्या पद्धतीने छापल्या जातात तीत प्रत्येक रंगाला एक वेगळा कोरलेला सिलिंडर करावा लागतो. त्यामुळे माल प्रचंड प्रमाणात घेतला तरच ती परवडते. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. कोऱ्या तयार पाऊच घ्याव्यात आणि त्यांवर छापील लेबल चिकटवावे. खोका हवा असेल तर ऑफसेटवर, आणि माल अगदीच थोडा असेल तर स्क्रीन प्रिंटिंगवर काम भागते. एक-दोन रंग पुरेसे आहेत.

समजा, चित्रकाराने चिन्ह आणि लेबलाचे ५,००० रुपये घेतले. पाचशे पुड्या विकल्या तर पुडीमागे १० रुपये पडतात आणि आपण घाबरतो. पण तेच चिन्ह पाच हजार पुड्यांवर गेले की पुडीमागे १ रुपया उरतो, आणि पन्नास हजारांवर फक्त १० पैसे. चिन्हाचा खर्च एकदाच होतो. लेबल आणि पाऊच यांचा मात्र दर पुडीला होतो, तेव्हा घासाघीस तिथे करा, चिन्हात नको.

कायद्याच्या ओळी

बंद पुडीतल्या मालावर काय छापायचे हे २०११ च्या वैधमापन नियमांनी ठरवून दिले आहे. बनविणाऱ्याचे किंवा भरणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, मालाचे सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन किंवा नग, बनविल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, आणि तक्रारीसाठी संपर्क. अलीकडच्या दुरुस्तीने एका ग्रॅमला किंवा एका किलोला काय भाव पडतो तेही द्यावे लागते. हा मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो; त्याशिवाय मराठी, उर्दू खुशाल छापा. अक्षरांची किमान उंचीही ठरलेली आहे, तेव्हा चिन्ह मोठे करून हा मजकूर कोपऱ्यात कोंबू नका. आधी या ओळींना जागा द्या, मग उरलेल्या जागेत शोभा करा.

खाण्याचा माल असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना आणि त्याचा १४ आकडी क्रमांक, घटकपदार्थांची यादी आणि माल कधीपर्यंत टिकेल हेही लागते. शाकाहारी मालावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका हे सर्वांना ठाऊक आहे. मांसाहारी मालावर पूर्वी तपकिरी ठिपका असे. २०२० च्या लेबल नियमांनी त्याऐवजी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण आणला. खिमा पॅटिस, चिकन लोणचे असा माल करणाऱ्यांनी जुनी चित्रे उचलू नयेत.

बारकोडची घाई नको. आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानाला तो लागत नाही. मोठ्या मॉलमध्ये माल जाऊ लागला की मग जीएस-१ इंडिया या संस्थेकडून घ्यावा.

वजनाबद्दल एकच सांगतो. मोठा खोका आणि आत अर्धी हवा, किंवा कुपीचा तळ इतका जाड की अत्तर चार थेंब, ही वेष्टनाची कला नव्हे, ही मापातली चोरी आहे. माप मारणाऱ्यांबद्दल कुरआनात किती कडक ताकीद आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको. खोका मोठा करून केलेली लबाडी तराजूच्या लबाडीहून वेगळी नाही.

नावाचा वारस

शेवटचा मुद्दा घराघरातला आहे. वडील धंदा उभा करतात, नाव कमावतात. ते गेल्यावर चार भाऊ वेगळे होतात. जागा वाटली जाते, यंत्रे वाटली जातात, पण नावाचे काय? चौघेही तेच नाव लावतात. मग एकाच्या पाटीवर 'असली', दुसऱ्याच्या 'पुराना', तिसऱ्याच्या 'मूळ दुकान' असे येते, आणि गिऱ्हाईक चौथीकडेच जाते. हे आपण प्रत्येक शहरात पाहतो.

नाव ही मिळकत आहे. तिची वाटणी आणि मीरास होऊ शकते, ती लिहून देता येते, भाड्यानेही देता येते. म्हणून ती कोणाच्या नावावर नोंदली आहे, एका भावाच्या की भागीदारी पेढीच्या, हे धंदा लहान असतानाच लिहून ठेवा. हमदर्दचे घराणे फाळणीने विभागले. थोरले बंधू दिल्लीत राहिले, धाकट्या बंधूंनी १९४८ मध्ये कराचीत वेगळे हमदर्द उभे केले. आज तेच नाव दोन्ही देशांत आणि बांगलादेशातही आहे. पण प्रत्येक देशात मालकी वेगळी. २०२२ मध्ये पाकिस्तानात बनलेले रूह अफजा भारतात ऑनलाइन विकले जात होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ते उतरवायला लावले. नोंद कोणाची, हे कागदावर स्पष्ट होते म्हणून हे शक्य झाले. आपल्या भावाभावांत सीमारेषा नसते, तिथे तर कागद अधिकच हवा.

तेव्हा बांधवांनो आणि भगिनींनो, मसाल्याची पहिली पन्नास पाकिटे भरायच्या आधी एक संध्याकाळ घरच्यांसोबत बसा. नाव काय, ते कोणी घेतलेले तर नाही ना, चिन्ह कशाचे, ते कोण काढणार आणि ते कोणाच्या नावावर राहणार, या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. मग छापखान्याची पायरी चढा. व्यापाऱ्याने सुटा माल मागितला तर जरूर द्या, पोट आहे. पण त्यातला दहावा हिस्सा तरी स्वतःच्या नावाने पुडीत भरून बाजारात ठेवा. आज तो फळीच्या कोपऱ्यात राहील. एखाद्या दिवशी दुसऱ्या गावचे एखादे गिऱ्हाईक दुकानात येऊन तुमचे नाव घेऊन माल मागेल. त्या दिवसापासून भाव तुम्ही ठरवाल.